मिक्सरवरून रेकॉर्डिंग : आवाजाची पातळी कशी लावावी?



डिसेंबर-जानेवारी आला की आपल्या ओवे, खारघर, तळोजा पट्ट्यातल्या शाळांत स्नेहसंमेलनाची गडबड सुरू होते. तळोजा एमआयडीसीत शिफ्टला जाणाऱ्या पालकांना कार्यक्रमाला येता येत नाही. त्यांच्यासाठी रेकॉर्डिंग हाच कार्यक्रम! साउंडवाल्याच्या डिजिटल मिक्सरला पेनड्राइव्ह लावला की झालं, असं आपल्याला वाटतं. पण नंतर ऐकलं तर निवेदन फाटलेलं आणि पहिलीतल्या मुलीचं गाणं जेमतेम ऐकू येणारं. ते गाणं पुन्हा तसंच होत नाही. म्हणून हा पाठ.

१) शून्य म्हणजे काठ

डिजिटल मीटरवर सर्वांत वर ० असतो आणि खाली उणे आकडे. इथे शून्य म्हणजे 'काही नाही' असं नाही, तर 'भांडं काठोकाठ भरलं'. त्यापुढे आवाजाच्या लाटेचं टोक सरळ कापलं जातं. यालाच क्लिपिंग म्हणतात. कापलेला भाग नंतर जसाच्या तसा परत मिळत नाही. जुन्या टेपला काटा थोडा लाल भागात गेला तरी चालायचं, कारण तिथे शून्याच्या वरही थोडी जागा असायची. ती सवय इथे चालत नाही.

मुलांना आपण वहीत समास सोडायला सांगतो ना? तसाच समास इथेही सोडा. साधारण आवाज उणे १८ डीबीच्या आसपास ठेवा आणि मोठ्यात मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ च्या मध्ये. दर ६ डीबीला सिग्नल दुप्पट होतो. म्हणजे उणे १२ वर असताना वर चौपट जागा शिल्लक असते. रंगात आलेलं मूल ओरडलं तरी ती पुरते.

मग रेकॉर्डिंग बारीक नाही का होणार? होईल, पण ते नंतर वाढवता येतं. २४ बिट रेकॉर्डिंगची क्षमता तत्त्वतः १४४ डीबी, तर १६ बिटची सुमारे ९६ डीबी असते. १६ बिट असेल तर मोठे आवाज उणे ६ च्या जवळ ठेवा, एवढंच.

२) आधी गेन, मग फेडर

• मुलाला प्रत्यक्ष कार्यक्रमात गाईल तेवढ्याच जोरात गायला लावा. 'हॅलो, चेक' पुरत नाही.
• त्या चॅनेलचं सोलो बटण दाबा आणि मीटर बघत गेन लावा.
• प्रत्येक माइकचं असं झालं की मगच फेडरने एकमेकांचा तोल साधा.
• शेवटी रेकॉर्डिंगचं मीटर बघा. सगळे एकत्र आले की बेरीज वाढते.

गेन जास्त असेल तर आवाज आत येतानाच फाटतो. मग फेडर खाली घेऊन उपयोग नाही. फाटका आवाज फक्त लहान होतो.

माइकचं अंतरही शिकवा. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डीबीने उतरतो. एक वीत अंतर ठरवून द्या.

३) हॉलचा आवाज वेगळा, रेकॉर्डिंगचा वेगळा

लेझीम आणि ढोल हॉलमध्ये आपोआप ऐकू येतात, म्हणून साउंडवाला ते मिक्सरमध्ये वाढवत नाही. त्यामुळे मुख्य आउटपुटवरून घेतलेल्या रेकॉर्डिंगमध्ये निवेदन ठळक आणि ढोल गायब! उपाय : साउंडवाल्याला रेकॉर्डिंगसाठी वेगळा ऑक्स किंवा बस मागा, 'प्री-फेडर' करून. मग हॉलमध्ये त्याने फेडर हलवले तरी आपला तोल बिघडत नाही. टाळ्या-हशासाठी प्रेक्षकांच्या दिशेने एक माइक लावा आणि तो फक्त या बसमध्ये पाठवा.

कोळीगीताचा ट्रॅक मोबाइलवरून लावता तेव्हा तो आधीच खूप मोठा असतो. मुलांचा आवाज वर राहील इतका तो खाली घ्या.

४) कॅमेऱ्याला वायर जोडताना

मिक्सरमधून लाइन पातळीचा सिग्नल येतो, सुमारे १.२३ व्होल्ट. कॅमेऱ्याच्या माइक इनपुटला मात्र काही मिलिव्होल्ट हवे असतात. इथे फसगत होते. मीटर उणे १२ दाखवतं, तरी आवाज फाटलेला असतो, कारण तो मीटरच्या आधीच फाटतो. कॅमेऱ्यात 'लाइन' निवडा. ती सोय नसेल तर मध्ये पॅड लावा. ऑटो लेव्हल बंद करा, नाहीतर शांततेत पंख्याची घरघर वर येते.

५) शेवटची तपासणी

तालमीचं एक मिनिट रेकॉर्ड करा आणि हेडफोनवर ऐका. कार्यक्रम संपल्यावर आधी स्टॉप दाबा, मगच पेनड्राइव्ह काढा. नाहीतर फाइल उघडतच नाही.

सराव

१. मोठा आवाज उणे ६ वर असेल तर वर किती पट जागा उरते?
२. फेडर खाली आहे, तरी आवाज फाटतोय. आधी काय तपासाल?
३. रेकॉर्डिंगमध्ये ढोल का ऐकू येत नाही?

उत्तरं वरच्या पाठातच आहेत. संमेलनाच्या आदल्या दिवशी हा पाठ साउंडवाल्या दादांसोबत एकदा वाचा. गोंधळ तिथेच मिटेल.