सूर्यफुलाचे आप्त : वाफ्यातले आणि ताटातले

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरामागील मोकळ्या जागेत फुले लावावीत की भाजी, असा प्रश्न नेहमी निघतो. सूर्यफुलाच्या कुळाची ओळख असली तर तो निम्मा सुटतो, असे आम्हांस वाटते.

वनस्पतिशास्त्र या कुळास अ‍ॅस्टरेसी म्हणते. आपण ज्याला एक फूल समजतो, तो वस्तुतः अनेक पुष्पकांचा समुदाय असतो. सूर्यफुलाच्या कडेची प्रत्येक पिवळी पाकळी हे एक पुष्पक. मधल्या तबकडीतील पुष्पकांपासून बिया धरतात. झेंडू, शेवंती, कारळा यांची फुले विद्यार्थ्यांकडून उकलून घ्यावीत. तोच समुदाय हाती येतो.

खाद्य आप्तांत आमची पहिली पसंती करडईला आहे. पावसाळा सरताना जमिनीतील ओलीवर पेरलेली करडई खोल मुळांमुळे पुढे फारसे पाणी मागत नाही. कोवळी पाने भाजीसाठी खुडावीत. शेंडा खुडला की फुटवे वाढतात. पानांच्या कडांना काटे धरले की भाजी संपली, पण कुंपण सुरू झाले! गुरे आत शिरू नयेत म्हणून ज्वारी-गव्हाच्या कडेने करडई पेरण्याची आपल्या शेतकऱ्यांची रीत जुनीच आहे. पुढे तिची पिवळी-केशरी फुले वाफा सजवतात आणि शेवटी तेलबिया मिळतात. एका रोपाकडून याहून अधिक काय मागावे?

झेंडू मूळचा मेक्सिकोचा. टोमॅटो-वांग्यांच्या ओळींत तो लावल्यास त्याची मुळे जमिनीतील सूत्रकृमींना अटकाव करतात. फुले बुद्धवंदनेस उपयोगी पडतात.

हातीचोक तर सूर्यफुलाच्याच प्रजातीतला, मूळचा उत्तर अमेरिकेचा. त्याचे कंद बटाट्यासारखे शिजवता येतात. मात्र त्यांत पिष्टाऐवजी इन्युलिन असल्याने पोटात वायू धरतो. मुलांना प्रथम थोडेच वाढावे. मातीत राहिलेला तुकडाही पुन्हा उगवतो, म्हणून त्यास कोपऱ्यातला स्वतंत्र वाफा द्यावा.

कुळ एक म्हणून सारेच खाद्य, असा समज मात्र मुलांचा होऊ देऊ नये. सजावटीसाठी विकत आणलेल्या फुलांवर औषधफवारणी झालेली असू शकते. त्यांच्या पाकळ्या ताटात नकोत. आणि मैदानाच्या कडेला माजणारे गाजरगवत याच कुळातले. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेवर पुरळ उठते, परागांनी श्वासाचा त्रास होतो. ते फुलावर येण्यापूर्वीच, हातमोजे घालून, मोठ्यांनी मुळासकट उपटावे. श्रमदानात हे काम लहान मुलांकडे सोपवू नये.