देशाचा पाऊस आणि आपलं रान

शंका : २०२३ला हवामान खात्यानं ९६ टक्के पाऊस सांगितला. आम्ही बाजरी पेरली, आणि ऑक्टोबरअखेर शिरूर, दौंड दोन्ही तालुके दुष्काळाच्या यादीत गेले. मग या अंदाजाचं करायचं काय? (पाबळ, ता. शिरूर)

समाधान : तुमचं नुकसान खरं आहे, पण तो आकडा तुमच्या शेताचा नव्हताच. जून ते सप्टेंबर साऱ्या देशावर सरासरी ८७ सेंटिमीटर पाऊस पडतो. त्याच्या ९६ टक्के, पाच टक्के इकडंतिकडं, असा तो अंदाज होता. पडला ९४ टक्के. देशाचा हिशोब जुळला, पण एल निनोच्या त्या वर्षी ऑगस्ट १९०१पासूनचा सर्वांत कोरडा गेला. बाजरी निसवायला आली आणि पावसानं ओढ दिली. त्यात आपण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. घाटात कोसळतो तेव्हा पाबळ-केंदूरला नुसतं आभाळ.

एप्रिलच्या अंदाजावरून पेरणीचा दिवस ठरत नाही. एल निनोची शक्यता सांगितली असेल, तर सगळं रान एका पिकाखाली घालू नका, मटकी-हुलग्याला जागा ठेवा, चाऱ्याची तजवीज आधी करा, एवढंच त्यातून घ्यावं. पेरणीसाठी दर गुरुवारी निघणारा चार आठवड्यांचा अंदाज पाहा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा आला आणि पुढं उघडीप दिसत नसेल, तरच पाभर जुंपा. दुबार पेरणीत बियाण्याबरोबर हंगामाचे दिवसही जातात. फवारणीला मंगळवार-शुक्रवारचा कृषी सल्ला पुरतो.

शंका : आमचा ऊस कालव्यावर आहे. आम्हाला अंदाज कशाला? (केडगाव, ता. दौंड)

समाधान : तुम्हाला तर जास्तच. तुमचं पाणी दौंडच्या आभाळातून येत नाही, पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासल्याच्या पाणलोटातून येतं. चारही धरणं मिळून साठा सुमारे २९ टीएमसी, आणि त्यातून आधी पुणे शहराला प्यायला द्यावं लागतं. यवतला चिखल झाला म्हणून निर्धास्त राहू नका.

खरी अडचण वेळेची आहे. आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते. उन्हाळी आवर्तनं किती, हे मात्र पावसाळा संपल्यावरच्या साठ्यावर ठरतं. हे मधलं अंतर जुलैअखेर येणारा ऑगस्ट-सप्टेंबरचा अंदाज भरून काढतो. ३१ जुलै २०२३ला खात्यानं ऑगस्ट सरासरीपेक्षा कमी जाईल असं सांगितलंच होतं. पुन्हा तसा इशारा आला आणि धरणं निम्मी असली, तर आडसालीचं थोडं रान पूर्वहंगामीसाठी राखून ठेवा. ऑक्टोबरात त्या लागणीच्या वेळी धरणाचा आकडा तुमच्या हाती असेल.