दूरचें शिक्षण जवळ कसें येईल ?

शाळेंत येणें ज्यास शक्य नाहीं, त्याच्याकडे शाळेनेंच जावें, ह्या विचारांतून दूरशिक्षण जन्मास आलें. इंग्लंडांत १८४० सालीं आयझॅक पिटमन ह्यांनीं टपालानें लघुलेखनाचे धडे देण्यास आरंभ केला. शिष्य धडा सोडवून परत पाठवीत व गुरु चुका दुरुस्त करून तो पुन्हां धाडीत. आपल्या देशांत दिल्ली विद्यापीठानें १९६२ सालीं पत्रद्वारा शिक्षणाची सोय केली, आणि १९८९ सालीं नाशिक येथें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालें. 'ज्ञानगंगा घरोघरी' हें त्याचें ब्रीद आहे. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या अरण्यांतील घरोघरीं ही गंगा पोंचावयाची, तर दूरशिक्षणांत पुढें कोणता पालट झाला पाहिजे, ह्याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखांत करणार आहों.

प्रथम आपला मुलूख पाहूं. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपूरपासून वेगळा झाला. त्याचें क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर असून दोन-तृतीयांशाहून अधिक भूमि वनांनीं आच्छादिलेली आहे. पर्लकोटा नदीच्या पुरानें भामरागडचा मार्ग अनेक पावसाळ्यांत बंद पडला आहे. महाविद्यालय लांब, घरीं शेतीचें काम, हातीं पैसा थोडा. अशा स्थितींत दहावी झालेल्या मुलीस पुढें कोण पाठविणार? तिच्यासाठीं दूरशिक्षण ही चैन नव्हे. पुष्कळदां तोच एक उघडा दरवाजा असतो.

मार्च २०२० मध्यें महामारीमुळें शाळा बंद झाल्या, तेव्हां ह्या दरवाजाची परीक्षा झाली. धडे मोबाईलवरून येऊं लागले. ज्या घरीं मोबाईल नव्हता, तेथें धडा पोंचला नाहीं. ज्या गांवीं रेंज नव्हती, तेथें मोबाईल असूनहि पोंचला नाहीं. साधन नवें झालें म्हणून अंतर आपोआप मिटत नाहीं, हें त्या दिवसांनीं सर्वांस शिकविलें.

परंतु रस्त्याचें व रेंजचें अंतर हें एकच अंतर नव्हे. दुसरें अंतर भाषेचें आहे. भामरागडकडे घरांत माडिया बोलतात, इतरत्र गोंडी, तर सिरोंच्याकडे तेलुगु. अशा घरच्या मुलास पुस्तकी मराठी ही शिकून घेतलेली भाषा असते. वर्गांत शब्द अडला, तर गुरुजी वस्तु दाखवून, हातवारे करून अर्थ सांगतात. छापील पुस्तक किंवा पडद्यावरील व्याख्याता हें करूं शकत नाहीं. शंका मनांतच राहते; आणि चार शंका सांचल्या म्हणजे पुस्तक फळीवर जाऊन बसतें. हेमलकसा येथें १९७३ सालीं बाबा आमटे ह्यांनीं लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हां डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे ह्यांस प्रथम माडिया भाषा शिकून घ्यावी लागली. सेवा करूं इच्छिणाऱ्यानें आधीं शिकावें, हा धडा दूरशिक्षणासहि लागू आहे.

तिसरें अंतर एकटेपणाचें. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागांत घरें परस्परांपासून फार दूर विखुरलेलीं आहेत. तेथें ॲलिस स्प्रिंग्ज गांवीं १९५१ सालीं रेडिओवरून शाळा भरूं लागली. पुढें मुलांस प्रश्न विचारण्याची सोय झाली, आणि घरीं आई किंवा दुसरें कोणी जवळ बसून अभ्यास करून घेऊं लागलें. आवाज दुरून येई. माणूस मात्र जवळचें असे. आपल्याकडेहि असें उदाहरण आहे. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) गांवच्या लोकांनीं अभ्यासगट स्थापून जंगलाचा, कायद्याचा व आपल्या हक्कांचा एकत्र बसून अभ्यास केला. २००९ सालीं त्या गांवास सामूहिक वनहक्क मिळाला. महाविद्यालय नसतांहि सोबतीनें केवढें शिक्षण होतें, हें त्यावरून दिसेल.

ह्या तिन्ही अंतरांवरून दूरशिक्षणानें पुढें काय करावें, तें सहज सुचतें. धडे रेंजवर अवलंबून ठेवूं नयेत. आठवडी बाजाराच्या गांवीं ते एकदां मोबाईलमध्यें भरून घेतां यावेत व घरीं रेंजवांचून ऐकतां यावेत. आरंभीच्या धड्यांचें विवरण माडिया, गोंडी व तेलुगु भाषांतून बोलून दिलेलें असावें. पंचक्रोशींतील एखाद्या पदवीधरास वेतन देऊन आठवड्यांतून एक दिवस गांवच्या शाळेंत बसवावें. पाठविलेलें उत्तर तपासून, चुका दाखवून परत यावें. पिटमन ह्यांच्या काळीं जें टपालानें साधलें, तें आज कां साधूं नये? शिवाय वेळापत्रक अरण्याकडे पाहून करावें. मार्च-एप्रिलांत मोह वेंचणें असतें, मे महिन्यांत तेंदूपानांचा हंगाम येतो, जुलैंत धानाची रोवणी चालते. त्याच दिवसांत परीक्षा ठेवली, तर मुलांस परीक्षा किंवा पोट ह्यांपैकीं एक निवडावें लागतें.

आतां यंत्रेंहि प्रश्नांचीं उत्तरें देऊं लागलीं आहेत. त्यांचा उपयोग अवश्य करावा. परंतु अभ्यास सोडून बसलेल्या मुलाच्या दारीं जाऊन "काल कां आला नाहींस ?" असें विचारावयास माणूसच लागतें.

म्हणून आमची पालकांस विनंति आहे कीं, मुलगी घरीं राहून शिकते म्हणजे ती रिकामी आहे, असें समजूं नये. दिवसांतून दोन तास तिला कामांतून मोकळीक द्यावी व बसावयास उजेडाची जागा द्यावी. आणि विद्यार्थिमित्रांनो, आपण रोज वर्गांत बसतों, शंका आली कीं हात वर करतों. हें भाग्य सर्वांस नाहीं. सुटींत गांवीं जाल तेव्हां शाळा सुटलेल्या एका मुलाजवळ किंवा मुलीजवळ पुस्तक घेऊन बसा, आणि शब्द अडला तर तिच्याच भाषेंत सांगा. दूरचें शिक्षण जवळ आणण्याचें एवढें काम तर आपल्या हातीं आजच आहे.