पुरलं ते भाताचं

यंदा खाचरं तुझ्या हाती आली रे, म्हणून सांगतो. युरिया टाकूच नको असं माझं म्हणणं नाही, वाया घालवू नको एवढंच. भाताला न लागलेल्या नत्राचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट उष्णता धरतो.

१. भरल्या खाचरात युरिया फोकू नकोस — त्याचा अमोनिया होऊन उडतो, उरलेला पहिल्या मोठ्या सरीबरोबर ओढ्याला लागतो. फोकलं ते वाऱ्याचं, पुरलं ते भाताचं.

२. डॉ. एन. के. सावंतांची भातलागवडीची चारसूत्री पद्धत धर. १५ आणि २५ सेंटीमीटरवर आळीपाळीने खुणा केलेली दोरी लावून लावणी कर — मग चार चुडांचे लहान चौकोन आपोआप मिळतात.

३. लावणीच्याच दिवशी अशा प्रत्येक चौकोनाच्या मधोमध २.७ ग्रॅमची युरिया-डीएपी ब्रिकेट ७ ते १० सेंटीमीटर खोल दाब — तिथे हवा पोचत नाही, म्हणून नत्र चिखलाला धरून राहतं आणि मुळं लागेल तसं घेतात. गुंठ्याला साधारण ६३० गोळ्या, म्हणजे जेमतेम १.७ किलो.

४. बोट काढलंस की भोक चिखलाने बुजव. घाईच्या दिवसांत मजूर नेमकं हेच विसरतात, तेव्हा तू मागे उभा राहा — भोक उघडं राहिलं तर नत्र वरच्या पाण्यात येतं आणि सगळे कष्ट फुकट.

५. बांधावर गिरिपुष्प लाव, आणि चिखलणीच्या आठवडाभर आधी फांद्या खाचरात पसर — पाला गळून पडतो, काड्या चुलीला होतात. पण बेताने हो, फार पाला पाण्याखाली कुजला की मिथेन सुटतो.

६. पीक काळपट हिरवं दिसलं म्हणून हुरळू नकोस — जादा नत्राने करपा येतो, भात आडवं पडतं. हिरवं फार, लोंबी हलकी.

७. २०१५ पासून युरिया कडुनिंबाचं लेपन केलेला मिळतो, पण तेवढ्यावर विसंबू नकोस — लेपाने नत्र सुटण्याचा वेग मंदावतो, पाण्यावर फोकलेला युरिया तो राखत नाही.

८. माती तपासून मगच गोण्या आण. ४५ किलोच्या गोणीत नत्र वीस किलोच्या आसपास असतं — आणि ते बनवायला कारखान्यात नैसर्गिक वायू खर्ची पडतो, म्हणजे वाचलेली गोणी दोन्हीकडे वाचते.

९. ब्रिकेट मृगाआधीच आणून कोरड्या जागी घट्ट बांधून ठेव — दमट हवेत ती पाणी सुटून मऊ पडते, आणि मऊ गोळी खोल दाबता येत नाही.