छातीत उरलेली हवा

मी कला शाखेचा विद्यार्थी. श्वासही मोजता येतो, हे मला वडिलांबरोबर रुग्णालयात गेलो तेव्हा प्रथम कळले. छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत जोराने फुंकायचे. वडील फुंकत राहिले. पण हवा काही झटकन बाहेर पडेना.

ते यंत्र म्हणजे स्पायरोमीटर. १८४६ साली लंडनच्या डॉ. जॉन हचिन्सन यांनी दोन हजारांहून अधिक माणसांचा श्वास मोजून दाखविले, की फुंकून बाहेर टाकता येणारी हवा उंचीबरोबर वाढते आणि रोगात घटते.

निरोगी प्रौढ पुरुषाच्या फुफ्फुसांत सुमारे ६ लिटर हवा मावते. शांतपणे श्वास घेताना त्यांतली अर्धा लिटरच ये-जा करते. सारे बळ लावून फुंकले तरी लिटर-सव्वा लिटर आत उरतेच. ती हवा या यंत्राला सापडत नाही. म्हणून रुग्णाला बंद यंत्रातून हेलियम मिसळलेली हवा काही मिनिटे श्वासावाटे देतात. हेलियम रक्तात जवळजवळ विरघळत नाही; तो किती विरळ झाला, यावरून आतल्या हवेचा हिशेब लागतो.

फुफ्फुसे ताठर झाली, की एकूण हवाच कमी मावते. धूम्रपानाने होणाऱ्या एम्फिसीमा या विकारात उलटे घडते : छाती फुगते, पण आत अडकलेली शिळी हवा वाढते आणि ताज्या हवेला जागा उरत नाही.

वडिलांचे निदान हेच निघाले. त्यांची भरदार छाती आम्ही ताकदीची खूण समजत होतो! मित्रहो, विडी पेटविण्यापूर्वी एवढे आठवा.