सॉकेट बदलण्याआधी

दिवाळीला पुण्याहून भाचा आला आणि मोबाइलवर एक सॉकेट दाखवू लागला. भिंतीत बसवायचाच, पण आतल्या पट्ट्यांवर सोन्याचा मुलामा आणि किंमत पंधरा हजारांच्या घरात. "मामा, हा बसवला की डग्गा मोकळा वाजतो म्हणतात. तुमच्या ॲम्प्लीतली खरखर पण जाईल." खरखर होती हे खरं. वालूरच्या आमच्या घरात माळवदाच्या खोलीत जुना ॲम्प्ली आणि दोन लाकडी स्पीकर आहेत. संध्याकाळी भजनं, नाट्यपदं लावतो. दोन पदांच्या मधल्या शांततेत एक सलग घुमारा ऐकू यायचा आणि अधूनमधून तडतड. सॉकेट मागवण्याआधी आम्ही दोघांनी चार दिवस तपासणी केली. तिचा क्रम इथे देतो. सुरुवातीच्या पायऱ्यांना एक पैसाही लागत नाही.

माझं मत आधीच सांगतो. सैल, झिजलेला सॉकेट आवाज बिघडवतो, घरही पेटवू शकतो, म्हणून तो लगेच बदलावा. पण घट्ट आणि स्वच्छ सॉकेट काढून त्याच्या जागी महागडा बसवल्याने गाणं सुधारत नाही. मी म्हणतो म्हणून मानू नका, शेवटची कृती स्वतः करून पाहा.

लागणारं सामान: साधा मल्टीमीटर, टेस्टर, तीन पिनांचा धड एक्स्टेंशन बोर्ड, साडेसातशे वॅटची इस्त्री, मीडियम वेव्ह पकडणारा खिशातला रेडिओ, वही आणि एक नाणं. बोर्ड उघडायच्या कामाला परवाना असलेला वायरमन बोलवा.

आवाज ओळखा

ॲम्प्ली चालू करा, गाणं लावू नका, आणि आवाजाचं बटण शून्यावर ठेवा. आता स्पीकरला कान लावा. घुमारा शून्यावरही तेवढाच असेल तर दोष ॲम्प्लीच्या आत आहे. बटण वाढवल्यावर तोही वाढत असेल तर तो बाहेरून, म्हणजे जोडलेल्या वायरींतून येतो आहे. स्पीकर शांत आणि ॲम्प्लीचा डबाच गुणगुणत असेल तर आतल्या ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्या थरथरत आहेत. त्याचा गाण्याशी संबंध नाही.

घुमाऱ्याचा सूरही ओळखता येतो, आणि भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्याला तर अगदी सहज. आपली वीज ५० हर्ट्झची. वायरीतून किंवा अर्थिंगच्या गोंधळातून शिरलेला घुमारा बहुधा ५० चा असतो. ॲम्प्लीच्या आत विजेचा डीसी करताना तो दुप्पट, १०० चा होतो. दोन्ही सूर एकच, फक्त सप्तक वेगळं, आणि पेटीवर ते पांढरी पाचच्या जवळ, किंचित चढे बसतात. मोबाइलवर कंपनसंख्या दाखवणारं ॲप असेल तर त्यातही दिसेल. आमचा घुमारा १०० चा निघाला आणि बटण शून्यावर असतानाही तेवढाच राहिला. म्हणजे जुन्या ॲम्प्लीतले मोठे कपॅसिटर कोरडे पडले होते. भिंतीतला कुठलाही सॉकेट ते बरे करू शकत नाही. परभणीहून नवे आणून बसवले तेव्हा घुमारा गेला.

बाहेरून येणारा असेल तर एकेक वायर काढत जा. केबल टीव्हीची वायर काढल्याबरोबर शांतता झाली तर दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये फेरा तयार झाला आहे. टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि ॲम्प्ली एकाच बोर्डावर आणा. तेवढ्याने भागलं नाही तर ऑडिओच्या वायरीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. अर्थिंगची जाड पिन तोडून घुमारा घालवणारे लोक मी पाहिले आहेत. घुमारा जातो हे खरं, पण उद्या आतली फेज पत्र्याला लागली तर वीज जाण्याची वाट तुमच्या अंगातून असेल. हे कधीही करू नका.

सॉकेट हाताने तपासा

पिन टॉप आत घालून हलका हलवा. घट्ट बसला पाहिजे, काढताना जोर लागला पाहिजे. हलवताना स्पीकरमध्ये तडतड ऐकू आली तर दोषी तिथेच सापडला. अर्ध्या तासाने प्लग काढून पिनांना (सॉकेटच्या भोकांना नव्हे) बोट लावा. त्या गरम नसाव्यात. काळपट डाग, वितळलेली कड किंवा जळकट वास असेल तर पुढची तपासणी थांबवा आणि आधी सॉकेट बदला.

डोळ्याला काही दिसत नसेल तर इस्त्रीची परीक्षा घ्या. एक्स्टेंशन बोर्ड संशयित सॉकेटमध्ये लावा. त्याच्या एका भोकात मल्टीमीटर, दुसऱ्यात इस्त्री. इस्त्री बंद असतानाचा आणि तापत असतानाचा आकडा लिहा. इस्त्री आपोआप बंद होते, म्हणून तिच्या दिव्याकडे लक्ष ठेवा. मग भिंतीतल्या त्याच बोर्डावरच्या दुसऱ्या सॉकेटवर हेच करा. विजेचा दाब सतत वरखाली होतो, म्हणून प्रत्येकी तीन-चार वेळा घ्या. दोन्हीकडे घट सारखी आली तर ती वायरीची आहे. एकीकडे व्होल्टभर जास्त आली तर तो व्होल्ट सॉकेटच्या सैल पट्टीत खर्च होतो. इस्त्री सव्वातीन अँपियर ओढते, म्हणजे त्या इवल्याशा पितळी पट्टीत सव्वातीन वॅट उष्णता. आग अशीच लागते.

सॉकेट घट्ट असेल तर किती फरक पडतो ते हिशेबानेच पाहा. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम. मीटरपासून खोली १० मीटर लांब असेल तर जाऊन येऊन २० मीटर, म्हणजे पाव ओहमच्या जवळपास. चांगल्या सॉकेटच्या पकडीचा रोध काही हजारांश ओहम. घरातली वायरच त्याच्या कितीतरी पट आणि तिच्यामागे खांबावरून आलेली ॲल्युमिनियमची सर्व्हिस वायर, डीपीपर्यंतची लाइन. त्या सगळ्यात सोन्याच्या मुलाम्याने वाचवलेला हजारांश ओहम ऐकू येणार कसा? शिवाय ॲम्प्ली ती वीज जशीच्या तशी वापरतच नाही. ट्रान्सफॉर्मरमधून उतरवून, डीसी करून, कपॅसिटरमध्ये साठवून मग वापरतो.

बोर्ड उघडा

मेन स्विच बंद. एकट्या टेस्टरवर विसंबू नका, मल्टीमीटरने शून्य दिसल्याची खात्री करा. मग वायरमनने स्क्रू एकेक करून घट्ट करावेत. जुन्या घरांत ॲल्युमिनियमची वायर असते. तिच्या टोकाला ऑक्साइडचा थर धरतो आणि पकड ढिली होते. टोक कापून, घासून पुन्हा बसवा, शक्य असेल तर ती वायरच तांब्याची अडीच चौरस मिलिमीटरची घाला. सॉकेट बदलायचाच असेल तर आयएसआय खुणेचा १६ अँपियरचा घ्या. दीड-दोनशे रुपयांत मिळतो. आमची तडतड याच पायरीवर थांबली. सॉकेटचा न्यूट्रलचा स्क्रू अर्धा फेरा ढिला होता, पट्टी काळी पडली होती.

परदेशी सॉकेटबद्दल एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. ध्वनीच्या शौकिनांसाठी विकले जाणारे बहुतेक नामांकित सॉकेट अमेरिकी पद्धतीचे, चपट्या पिनांचे असतात. त्यांची मर्यादा १२५ व्होल्टची, आपली वीज २३० ची. आपला गोल पिनांचा प्लग त्यांत बसत नाही आणि ॲडाप्टर घालून बसवणं धोक्याचं. या सॉकेटांचं मूळ अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या सॉकेटांत आहे. तोंडावर हिरवा ठिपका असलेले ते सॉकेट रुग्णाला जोडलेल्या यंत्राचा प्लग धक्क्याने निखळू नये म्हणून घट्ट पकडीचे बनवतात. पकड हाच त्यांचा गुण, आणि तो आपल्या बाजारात दोनशे रुपयांत मिळतो.

अर्थिंग

इथे थोडं थांबावं लागेल, कारण आमच्या भागात खरा आजार हा आहे. ॲम्प्लीच्या पत्र्याला हात लावल्यावर घुमारा बदलत असेल किंवा बोटाला झिणझिणी येत असेल तर अर्थिंग मेलेलं आहे असं समजा.

मल्टीमीटरने तीन मापं घ्या: फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ. पहिली दोन जवळपास सारखी हवीत. तिसरं दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक. दहा-पंधराच्या वर गेलं तर न्यूट्रल किंवा अर्थिंग कुठेतरी ढिलं आहे. पण मल्टीमीटर फार कमी वीज ओढतो, त्यामुळे नावापुरत्या अर्थिंगवरही तो २३० दाखवतो. म्हणून वायरमनला फेज आणि अर्थ यांच्यामध्ये शंभर वॅटचा दिवा लावून पाहायला सांगा. दिवा मिणमिणला तर अर्थिंगचा खड्डा निकामी. घरात गळती पकडणारा स्विच असेल तर तो या परीक्षेत पडेल, आणि पडलाच पाहिजे.

वालूर हे बारवांचं गाव. गोल गोल उतरत जाणाऱ्या पायऱ्यांची आमची बारव पाहायला लांबून लोक येतात. पण जमीन काळीची, आणि काळी माती उन्हाळ्यात आक्रसते. एप्रिलमध्ये शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, तशाच त्या घराच्या मागे पुरलेल्या पाइपाभोवतीही पडतात. माती पाइपाला सोडते आणि अर्थिंग तुटतं. पावसाळ्यात ठीक असलेलं घर मे महिन्यात झिणझिण्या देतं ते यामुळे. नियमाप्रमाणे जस्ताचा मुलामा दिलेला पाइप किमान अडीच मीटर लांब आणि ३८ मिलिमीटर व्यासाचा हवा, भिंतीपासून दीड मीटर दूर. भोवती कोळसा आणि मीठ भरतात, वर नरसाळं ठेवतात. त्या नरसाळ्यात उन्हाळाभर दर आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी ओता. आमच्या पाइपाची वायर वरच्या जोडावरच गंजून तुटली होती. कित्येक वर्षं आम्ही बिनअर्थिंगचे राहत होतो.

रेडिओ घेऊन फिरा

रेडिओ मीडियम वेव्हवर लावा. पूर्वी १३०५ वर परभणी लागायचं, त्याच्या आजूबाजूला जिथे स्टेशन नाही अशी मोकळी जागा शोधा. आता रेडिओ बोर्डाजवळ, दिव्यांजवळ, मोबाइलच्या चार्जरजवळ, पंख्याच्या रेग्युलेटरजवळ न्या. ठिणगी पडणारी जोडणी आणि हलक्या प्रतीचे एलईडी दिवे जवळ जाताच रेडिओ खरखरतो. एकेक बंद करून पाहा. भाच्याने स्वयंपाकघरातला एक चार्जर अशाने पकडला.

सगळं बंद करूनही खरखर राहिली तर ती लाइनवरून येते. एका डीपीवर पिठाची गिरणी, वेल्डिंगचं दुकान आणि अर्धी गल्ली असते. जपानमध्ये काही शौकिनांनी यावर उपाय म्हणून घरासमोर स्वतःचा विजेचा खांब आणि रोहित्र उभं करून घेतलं. वॉल स्ट्रीट जर्नलने २०१६ साली त्यांच्यावर लेख छापला होता. आपल्याला तेवढं नको. दाबाचा प्रश्न मात्र खरा आहे. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या ॲम्प्लीची ताकद दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. दाब २३० वरून १८० वर आला की ताकद ६१ टक्के उरते, आणि मोठ्या आवाजात डग्गा फाटल्यासारखा येतो. तिथे स्टॅबिलायझर लागतो.

डोळे मिटून ऐका

आता ज्यासाठी हे सगळं, ती परीक्षा. नवा सॉकेट आणि दुसरा जुना पण घट्ट सॉकेट एकाच बोर्डावर हवेत. आम्ही नव्या आयएसआय सॉकेटसमोर तीस वर्षांचा काळा बेकेलाइटचा ठेवला. ऐकणाऱ्याने पाठ करून बसायचं. मध्ये चादर धरा. दुसऱ्याने नाणं उडवायचं: छापा आला तर नवा, काटा आला तर जुना. तोच सॉकेट आला तरी प्लग काढून पुन्हा घालायचा, म्हणजे खट्ट आवाजावरून ओळखता येणार नाही. दरवेळी सारखाच वेळ थांबायचं, तेच पद, तोच तुकडा, आवाजाच्या बटणाला हात नाही. प्लग लावणाऱ्याने बोलायचं नाही, खोकायचंही नाही. दहा वेळा करा आणि उत्तरं वहीत लिहा. उघडायची शेवटी.

दहापैकी नऊ बरोबर आली तर फरक खरा मानायला हरकत नाही. निव्वळ अंदाजाने नऊ किंवा अधिक येण्याची शक्यता शंभरात एक. आठ किंवा अधिक येण्याची मात्र शंभरात पाच-सहा, म्हणून आठ आली तर पुन्हा दहा करा.

उघड्या डोळ्यांनी ऐकताना भाचा म्हणाला होता, "मामा, नव्यावर आवाज मोकळा येतोय बघा." तो खोटं बोलत नव्हता. मलाही तसंच वाटलं होतं, आणि मी चाळीस वर्षं ऐकतो आहे. चादरीआड त्याची सहा बरोबर आली, माझी चार. रात्री बाराला आम्ही दोघांनी पुन्हा दहा केली, त्याची पाच, माझी पाच.

ज्यांनी महाग सॉकेट आधीच घेतला असेल त्यांनी हीच परीक्षा त्याच्यावर घ्यावी. ज्यांनी घेतला नसेल त्यांनी ते पैसे आधी अर्थिंगवर, मग वायरीवर, मग ॲम्प्लीच्या कपॅसिटरवर आणि उरले तर खोलीवर घालावेत. आम्ही स्पीकर कोपऱ्यातून हातभर पुढे ओढले, समोरच्या उघड्या भिंतीवर गोधडी टांगली. डग्गा त्या दिवशी मोकळा झाला.

काम संपल्यावर बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तारीख आणि अर्थिंगची तिन्ही मापं पेनाने लिहून ठेवा. एप्रिलमध्ये खड्ड्यात पाणी ओतायच्या आधी पुन्हा मोजा आणि आकडे शेजारी लिहा.