चिटाचा झगा

पातळ सुती कापड घाम शोषून घेते व वाऱ्यास वाट देते. म्हणून उन्हाळ्यात ते सुखावह वाटते. मात्र छापील चिटाचा झगा शिवताना प्रथमच कात्री हाती घेऊ नये. विणताना ताणले गेलेले सुती धागे पाण्यात पडताच आखडतात. यास्तव कापड आधी भिजवावे, वाळवावे व त्यास इस्त्री करावी. मग मापे घेऊन, नक्षीतील फुले उलटी येणार नाहीत असे पाहून ते बेतावे. चुकलेली टीप उसवता येते. चुकीचे कापलेले कापड पूर्ववत होत नाही. बाजूंच्या शिवणीत २ व खालच्या दुमडीत ५ सेंटिमीटर माया ठेवावी. मुलगी वाढते, कापड वाढत नाही. परंतु टीप उसवून ही माया सोडली, की तोच झगा पुढील उन्हाळ्यातही तिच्या अंगास येतो.